झाकणाचं दर्शन

वडीगोद्रीत आसराबाईला तोंडावर सगळे आसराबाईच म्हणत. पाठ वळली की मात्र तिची टोकेवाली व्हायची, आणि हे गेली चाळीस वर्षं बिनबोभाट चाललं होतं.

टोके म्हणजे धान्यात होणारे ते बारके काळपट किडे, पुढं सोंड काढून चालणारे. ते कुणाच्या घरात होत नाहीत? ज्याच्या घरात दाणा आहे त्याच्या घरात टोका आहे. पण नाव पडलं ते आसराबाईलाच, आणि पाडलं तिच्या धाकट्या दिरानं. आसराबाईच्या लग्नात मांडवात रुखवत मांडलेलं होतं. मधोमध पितळी पातेल्यात तिच्या आईच्या हातच्या शेवया. त्या साली गहू जुना होता, दुसरा मिळाला नव्हता. वऱ्हाडातल्या बाया कौतुकानं बघत असताना पातेल्याच्या काठावर एक टोका चढला, मग दुसरा, आणि दोघं जोडीनं खाली चादरीवर उतरले. मोठ्या माणसांनी बघून न बघितल्यासारखं केलं. पण आठ वर्षांचा सांडू आनंदानं टाळ्या पिटत ओरडला, "ए, नवरीच्या शेवया चालून राह्यल्या!"

अख्खा मांडव हसला. नवरदेव बद्रीनाथसुद्धा मुंडावळ्यांच्या आडून हसला. नवरीची आई तोंडात पदर धरून मांडवाच्या खांबाला टेकून उभी राहिली ती पंगती उठेपर्यंत, आणि त्या दिवशी ती जेवली नाही. आसराबाईला स्वतःच्या लग्नातलं दुसरं फारसं काही आठवत नसे. तो खांब तेवढा आठवायचा.

दुसऱ्या दिवशीपासून सांडू तिला 'टोकेवाली वहिनी' म्हणायला लागला. मग 'वहिनी' गळालं आणि 'टोकेवाली' गावभर झालं.

तर असं सगळं असताना, धाकट्या लेकीच्या, म्हणजे प्रांजलीच्या लग्नाला बारा दिवस उरले होते. रविवारी सकाळी आसराबाईनं मागच्या खोलीत जाऊन रुखवताचा डबा उघडला. शेवयांचा खमंग वास घ्यावा म्हणून नाक आत घातलं. नाकासमोर, एका शेवईच्या टोकावर, एक टोका निवांत उभा होता.

तिनं झाकण लावलं. डोळे मिटले. पुन्हा झाकण उघडलं. आता तिघं होते.

"मीनाऽ!" तिनं सुनेला हाक मारली, पण अशी दबक्या आवाजात की मीनाला आधी वाटलं सासूला चक्कर आली. मीना पिठाचे हात तसेच घेऊन आली आणि डब्यात डोकावून म्हणाली, "अगं बया."

"हळू बोल. प्रांजलीला कळता कामा न्हाई. कुण्णाला कळता कामा न्हाई."

"आत्या, उन्हात घालू. दोन दिसात पळून जातील."

"पळून कुठं जातील? चादरीवरून निघतील ते शेजारच्या बेबीनंदाच्या दारातून जातील. साऱ्या गल्लीला वरात दिसंल त्यांची." आसराबाई डब्यावर हात ठेवून बसली. "नव्या करायच्या म्हणलं तरी तेच. आता शेवया कराया घेतल्या की आधीच्यांचं काय झालं म्हून विचारतील. अन् ती गिरिजाबाई!"

गिरिजाबाई म्हणजे घनसावंगीची विहीण, होणाऱ्या जावयाची आई. बाई मनानं वाईट नव्हती. पण साखरपुड्याला तिनं ताटातला पापड उलटा करून मागची बाजू पाहिली होती. डाळ हातात घेतली की ती उन्हात धरून बघायची. अशा बाईच्या पुढ्यात रुखवत मांडायचं होतं, आणि पुढची चाळीस वर्षं प्रांजलीला तिच्याच घरात काढायची होती. आसराबाईला टोक्यांची भीती नव्हती. नावाची होती. नाव एकदा चिकटलं की साबणानं जात नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

मीना खाली बसली. गेल्या हिवाळ्यात बदनापूरला बायकांच्या गटाचं शिबिर झालं होतं, त्याला ती दोन दिवस जाऊन आली होती. तेव्हा आसराबाईनं घरात पुष्कळ आदळआपट केली होती. आता मीनानं त्याची आठवणही करून दिली नाही.

"तिथल्या म्याडम सांगत व्हत्या," मीना म्हणाली, "खायच्या तयार मालाला औषधाची गोळी बिलकुल लावायची न्हाई. त्याच्यापेक्षा गारठ्यात घाला. पातळ पातळ पिशव्या करायच्या, हवा काढून तोंड बांधायचं, अन् डीप फ्रीजरमधी सात दिस. किडा मरतो, अळी मरते, अन् दाण्याच्या पोटातलं अंडं बी मरतं."

"आपल्या फ्रीजात?"

"आपल्या फ्रीजात बर्फ धड व्हत न्हाई, आत्या. कुल्फीवाल्याचा लागतो, मोठा. अन् झाकण सारखं उघडायचं न्हाई. अन् भाईर काढल्यावर लगेच गाठ सोडायची न्हाई. गार मालाला भाईरची हवा लागली का त्याला घाम फुटतो, शेवया वल्ल्या व्हतात, बुरशी धरते. एक दिस बंदच ठेवायचं, घरातल्या हवेत. मंग उघडायचं."

वडीगोद्रीत मोठा डीप फ्रीजर एकच होता. हायवेच्या कडेला, रसवंतीत. आणि रसवंती होती सांडूची.

आसराबाईनं कपाळावर हात मारून घेतला. सांडू आता अठ्ठेचाळीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप झाला होता, पण तोंड तेच राहिलं होतं. त्याच्या कानात सांगितलेली गोष्ट स्टँडवर पोचायला घनसावंगीची जीप भरायला लागते तेवढाही वेळ लागत नसे. आणि ही गोष्ट तर त्याच्या आवडीची होती.

"त्याला सांगायचंच न्हाई," आसराबाई म्हणाली. "ठेवायचं त्याच्याच फ्रीजात, पण त्याला सांगायचं न्हाई."

"अन् काय म्हून ठेवायचं?"

"ते मी पाहते."

सोमवारी दुपारी आसराबाई लाल खणात बांधलेलं गाठोडं काखेत मारून निघाली. आत शेवयांच्या बारा पातळ पिशव्या. वाटेत तिनं थाप पक्की केली होती: शेळ्यांची लस आहे, गार ठेवायला डॉक्टरनं सांगितलंय. पण रसवंतीच्या दारात पाऊल टाकलं आणि तिला आठवलं की सांडूकडंच पाच शेळ्या आहेत. लस म्हटली की तो पहिली सुई आपल्या शेळ्यांना मागणार. थाप तिथंच वाया गेली.

"या या वहिनी!" सांडू चरकातून ऊस काढता काढता म्हणाला. "काय आणलं काखेत?"

आसराबाईनं वर बघितलं. वर पाटी होती. तिला वाचायला वेळ लागे, पण मोठी अक्षरं जमायची. 'शीतल रसवंती.' तिनं एकेक अक्षर लावलं. शी. त. ल.

"शीतळामाय," तिच्या तोंडून निघालं.

"आँ?"

आता सुटका नव्हती. "शीतळामायचं गाठोडं हाय, भावजी. प्रांजलीच्या लग्नाचा नवस. सात दिस गारठ्यात ठेवायचं, कुणी हात लावायचा न्हाई, कुणी गाठ सोडायची न्हाई. सोडली तर ज्याच्या हातानं सुटली त्याला..." इथं ती जरा थांबली, काय व्हावं ते ठरत नव्हतं. "...त्याला सात वर्सं घामोळ्या."

सांडूचा हात नकळत पाठीकडं गेला. उन्हाळ्यात दिवसभर चरकाशी उभ्या राहणाऱ्या माणसाला याहून मोठा शाप नाही. त्यानं ओले हात लुंगीला पुसले, चपला काढल्या, गाठोडं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं आणि कुल्फीचे साचे बाजूला सारून फ्रीजरच्या तळाशी नेऊन ठेवलं.

"तुम्ही आसरा, अन् ही शीतळा," तो भक्तिभावानं म्हणाला. "म्हंजी बहिणीबहिणीच की."

घरी येताना आसराबाईला हसू आवरेना. चाळीस वर्षांत या बोलघेवड्याला तिनं पहिल्यांदा बनवलं होतं, आणि तेही उभ्या उभ्या. पण तिचा आनंद दिवेलागणीपर्यंतच टिकला. दिवेलागणीला शेजारची बेबीनंदा शिलाई मशीन तशीच सोडून धावत आली.

"आसराबाई, ऐकलं ते खरं का? शीतळामाय सांडूभाऊच्या फ्रीजात बसली म्हने!"

"कोण म्हनलं?"

"सांडूभाऊच म्हनला. आम्हाला दर्शन बी दिलं. पाच-सा जणी गेल्तो आम्ही. झाकण उघडून दाखवलं, चांगलं गार गार वाटलं तोंडाला. दोनदा पाह्यलं. पण म्या म्हनते, शीतळासातम तं श्रावणात असते. हे वैशाखात कसं?"

"ती सालाची. ही नवसाची," आसराबाई म्हणाली, आणि आत जाऊन भिंतीला टेकून बसली. झाकण उघडून! दोनदा! मीनाला विचारलं तर ती म्हणाली, असं दिवसभर चाललं तर टोके मरायचे नाहीत, थंड हवेच्या गावाला जाऊन आल्यासारखे ताजे होतील. आसराबाईला रात्री झोप लागली नाही. ज्या थापेनं गाठोडं आत गेलं तीच थाप आता झाकण उघडवत होती.

मंगळवारी सकाळी ती तणतणत रसवंतीवर गेली आणि दारातच थबकली. फ्रीजरच्या झाकणाला कुलूप होतं. झाकणावर लाल कापड, कापडावर नारळ, हळदी-कुंकू, कुणीतरी वाहिलेली दोन केळी. पुढं बायांची रांग, आणि रांगेपुढं हात आडवा धरून सांडू.

"दर्शन झाकणाचंच! बराबर झाकणाला हात लावायचा अन् पुढं चालायचं. माय निजलेली हाय. उघडायचं न्हाई, बिलकुल न्हाई."

"अन् कुलफ्या?" एका पोरीनं विचारलं.

"कुलफ्या बंद. सात दिस नुसता रस प्यायचा."

ऐन मे महिन्यात सांडूनं कुल्फी बंद केली होती. साचे म्हणे शेजारच्या धाब्याच्या फ्रीजात नेऊन ठेवले, देवीपाशी उष्टंपाष्टं नको म्हणून. घामोळ्यांचा शाप एवढा लागेल असं आसराबाईला वाटलं नव्हतं. तिनं मनातल्या मनात शीतळामायला खरोखरच हात जोडले, आणि खोटं बोलल्याबद्दल पुढच्या श्रावणात एक नारळ जास्तीचा कबूल केला.

गुरुवारी दुपारी लाईट गेली. दीड तास झाला, दोन तास झाले. आसराबाई पदरानं वारा घेत रसवंतीवर पोचली, तर सांडू फ्रीजरवर गोधड्या टाकत होता. एक नाही, चार. वर घरची जाड वाकळ.

"हे काय भावजी? गारव्याच्या देवीला गोधडी?"

"मायला झळ लागू न्हाई म्हून," सांडू खाली बघत म्हणाला.

आसराबाईला पुन्हा हसू आलं. इतका भोळा माणूस बघून तिला थोडं वाईटही वाटलं. संध्याकाळी मीनाला सांगितलं तेव्हा मीना हसली नाही. "बरं झालं, गोधडीनं गारवा आतच राह्यतो," एवढंच म्हणाली आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या सोमवारी सात दिवस भरले. आसराबाई सकाळीच गेली, म्हणजे गर्दी व्हायच्या आत गाठोडं घेऊन यावं. पण देवी निघणार हे सांडूच्या रांगेला तिच्याआधी कळलेलं होतं. पंधरा-वीस बाया, दोन म्हातारे, एक एसटीचा कंडक्टर. सांडूनं कुलूप काढलं. गाठोडं बाहेर काढून लाकडी पाटावर ठेवलं. आणि तेवढ्यात हायवेवर जीप थांबली, तिच्यातून हिरव्या लुगड्यातली गिरिजाबाई उतरली.

"ईनबाई! बरं झालं इथंच भेटल्या. अंबडला निघाल्ते, बस्त्यातली एक साडी बदलायची हाय. म्हनलं जाता जाता शीतळामायचं दर्शन घ्यावं. आमच्या घनसावंगीत सगळे सांगून राह्यले." तिनं पाटापुढं बसकण मारली. पिशवीतून खण काढला, नारळ काढला. "चला, सोडा गाठ. मी ओटी भरते. आता माझ्या बी घरची माय झाली ना ती."

आसराबाई घाईनं पाटापाशी बसली. गाठ आता सुटली तर शेवयांना घाम, शेवयांच्या मधे मेलेले टोके, आणि टोक्यांच्या समोर गिरिजाबाई. खण उलगडला की मूर्ती नाही, पिशव्याच निघणार, तो गोंधळ वेगळाच. एवढ्या थापा मारल्या, पण या वेळेची थाप तिनं रचून ठेवली नव्हती. गिरिजाबाईचा हात गाठीपर्यंत पोचला.

"थांबा!" सांडू मधे बसला. "आज गाठ सोडायची न्हाई, ईनबाई. माय सात दिस गारठ्यात व्हती. एकदम भाईरची हवा लागली का घाम फुटतो तिला, कोप व्हतो. एक दिस बंद गाठोड्यातच घरातल्या हवेत ठेवायची. मंग सोडायची, ती बी घरच्या बाईनं, दार लावून."

आसराबाईनं त्याच्याकडं बघितलं. हे शहाणपण याला कुणी दिलं? पण विचार करायला सवड नव्हती, कारण गिरिजाबाईनं गाठीवरचा हात खाली घेता घेता खणावरून फिरवला आणि किंचाळली.

"बया! घाम आला! मायला घाम आला!"

खरंच आला होता. वैशाखातली हवा गार गाठोड्याला लागली होती आणि लाल खण दवानं ओलाचिंब झाला होता. थेंब पाटावर ओघळत होते. बेबीनंदानं तिथंच लोटांगण घातलं. कंडक्टरनं टोपी काढली. गिरिजाबाईनं तो ओला हात आधी आपल्या डोळ्यांना लावला, मग आसराबाईच्या पायांना. "ईनबाई, तुमची पुण्याई मोठी. मी उगं गाठ सोडाया निघाल्ते. चूक झाली."

आसराबाईनं तिला उठवलं, आणि गाठोडं घेऊन जमेल तितक्या गंभीर चेहऱ्यानं घर गाठलं. घरात शिरल्यावर मात्र तोंडात पदर कोंबून इतकी हसली की बद्रीनाथ अंगणातून पाणी घेऊन आला.

मंगळवारी दार लावून सासू-सुनेनं गाठ सोडली. पिशव्या कोरड्या ठणठणीत, शेवया खळखळत होत्या. त्या सुपात ओतल्या, हलक्या हातानं पाखडल्या, चाळल्या, पुन्हा निवडल्या. खाली कागदावर टोके पडले, पाय पोटाशी घेऊन आखडलेले. आसराबाईनं एकाला बोटानं ढोसलं. तो हलला नाही. तिनं कागद चुलीत घातला. तिला आईची आठवण झाली. हे आईला कुणी सांगितलं असतं तर!

शुक्रवारी लग्न लागलं. रुखवत मांडलं. मधोमध तेच पितळी पातेलं, आसराबाईनं मुद्दाम माहेरून मागवलेलं, आणि त्यात शेवया. घनसावंगीच्या बाया बघायला आल्या. गिरिजाबाई सगळ्यांच्या पुढं. तिनं पापड उलटे केले नाहीत, कुरडया मोडून पाहिल्या नाहीत. ज्या घरी देवीला घाम येतो त्या घरची वस्तू काय तपासायची? कौतुकानं तिनं ओंजळभर शेवया उचलल्या, दुसऱ्या बायांना दाखवल्या, परत पातेल्यात सोडल्या.

आणि तिच्या अंगठ्यावर एक काळा ठिपका राहिला.

तिनं अंगठा जवळ आणला. डोळे बारीक केले. बाया वाकल्या. आसराबाईला दोन पावलांवरून दिसत होतं ते काय आहे. सूप, चाळणी, चार डोळे, सगळ्यांना चुकवून एक राहिलाच होता. तिची पाठ आपोआप मांडवाच्या खांबाला टेकली. पदर तोंडाकडं गेला. मग तिच्या लक्षात आलं की आई अशीच उभी होती.

"काय हाय हे?" गिरिजाबाई म्हणाली.

बायांच्या गर्दीतून सांडू घुसला. नवा शर्ट, डोक्याला फेटा. त्यानं गिरिजाबाईच्या अंगठ्यावरचा ठिपका अलगद चिमटीत उचलला, कपाळाला लावला आणि तोंडात टाकला. चावला. गिळला.

"काळा तीळ," तो म्हणाला. "शीतळामायचा परसाद. गाठोड्यातला."

"मंग मला बी द्या की एक!"

"एकच असतो, ईनबाई. नशीब असंल त्याला भेटतो. तुमच्या हाताला आल्ता, पण तुम्ही विचारत बसल्या."

गिरिजाबाई पुढं कितीतरी वेळ हळहळत होती. पातेल्यातल्या शेवया तिनं स्वतः बांधून घेतल्या, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि प्रांजलीच्या गालावरून हात फिरवून, कानशिलावर बोटं मोडत म्हणाली, "परसादवाल्या घरची पोरगी आणली मी."

परसादवाली. आसराबाईनं तो शब्द ऐकला आणि तिला रडू फुटलं. आसपासच्या बायांना वाटलं, लेक चाललीय म्हणून. तेही होतंच.

जीपा गेल्यावर मांडवात खरकटी पानं आणि उलथ्यापालथ्या खुर्च्या उरल्या. सांडू एका खुर्चीत पाय पसरून बसला होता. आसराबाई त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली.

"भावजी, काय खाल्लं तुम्ही ते?"

"तीळ."

"शेवयात तीळ असतो व्हय?"

सांडूनं फेटा काढून मांडीवर ठेवला. "वहिनी, पहिल्याच दिशी सांजेला एक टोका तुमच्या गाठोड्यावरून उतरून मलई कुल्फीवर येऊन बसल्ता. आखडून गेल्ता बिचारा. मला टोके वळखू येत न्हाईत का? मीनाला फोन केला. तिनं आधी काई सांगितलं न्हाई. मी म्हनलं, पोरी, आता मी झाकण उघडून गिऱ्हाईकाला कुल्फी देऊ का नको, तेवढं सांग. मंग तिनं समदं सांगितलं. झाकण, लाईट, गोधडी, घाम."

"अन् तुम्ही कुणाला बोलला न्हाई?"

"न्हाई."

"दहा-अकरा दिस? तुम्ही?"

"पोट फुगून राह्यलं माझं," सांडू कळवळून म्हणाला. "दोनदा शेळीला सांगितलं."

आसराबाई हसली नाही. अजून काहीतरी यायचं आहे हे तिला दिसत होतं.

"तुमची आई त्या दिशी जेवली न्हवती," सांडू फेट्याची घडी घालत म्हणाला. "मी आठ वर्साचा व्हतो, पण पाह्यलं व्हतं. मी ताट घेऊन बी गेल्तो तिच्यापाशी. तिनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला अन् ताट परत दिलं. मंग पुढं समदे हसायचे, म्हून मी बी म्हनत राह्यलो. तो शब्द तवाच गिळायला पाह्यजे व्हता. राहून गेल्ता."

आसराबाईला यातलं ताट ठाऊक नव्हतं. चाळीस वर्षांत आईनं कधी सांगितलं नव्हतं, आणि आता विचारायला आई नव्हती. ती आत गेली. थोड्या वेळानं वाटीभर शेवयांची खीर घेऊन आली, वर चमचाभर तूप, आणि वाटी त्याच्या हातात दिली.

"कसा लागला टोका?"

"बिलकुल गार."

"घ्या, आता तोंड गोड करा."

सांडूनं वाटी घेतली. चमचा आत घातला, पण खाईना. वाटी तोंडाजवळ नेऊन, एक डोळा मिटून, आत टक लावून बसला.

"काय पाहून राह्यले?" आसराबाई म्हणाली.

"काई न्हाई, वहिनी. चालून राह्यल्या का ते पाहतो."

आसराबाईनं शेजारच्या खुर्चीवरचा टॉवेल उचलून त्याच्या डोक्यात घातला. आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा, त्या जुन्या गोष्टीला, ती खांब धरून पोट दुखेपर्यंत हसली.